गाणं कुठल्याही स्टुडिओत उघडलं पाहिजे

प्रति,
मराठी गाण्यांचे संगीतकार, संयोजक, रेकॉर्डिस्ट, स्टुडिओमालक आणि निर्माते यांस

विषय : गाण्याचं प्रोजेक्ट एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी समान फाइल-पद्धत स्वीकारण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात एक बाई माझ्याकडे आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत जुन्या ओढणीत गुंडाळलेली हार्ड डिस्क. त्यांचे वडील कीर्तनकार होते. २००८ साली त्यांनी सहा अभंग रेकॉर्ड केले, पण अल्बम काही निघाला नाही. आता वडील नाहीत आणि ज्यांच्या स्टुडिओत ते गायले ते रेकॉर्डिस्टही नाहीत. "यात बाबांचा आवाज आहे एवढंच मला माहीत आहे. तो काढून द्याल का?" असं त्यांनी विचारलं.

डिस्क जोडली. चालू झाली, फोल्डर दिसलं, प्रोजेक्टची फाइलही दिसली. ती उघडेना. ज्या आवृत्तीत ते काम झालं होतं ती आजच्या कॉम्प्युटरवर चालत नाही, आणि माझ्याकडचं सॉफ्टवेअर त्या कंपनीचं नाही, त्यामुळे त्याला त्या फाइलची भाषाच कळत नाही. जुनी आवृत्ती चालवायची तर तितकाच जुना कॉम्प्युटर आणि त्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे ते सुरू करायला कॉम्प्युटरला जोडावी लागणारी छोटी किल्ली, हवा. स्टुडिओ बंद झाला तेव्हा डोंगल कुणाकडे गेला, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही.

मग ऑडिओचं फोल्डर उघडलं. आत ४१२ वेव्ह फाइल्स. नावं सगळी सॉफ्टवेअरने आपोआप दिलेली : ऑडिओ आणि पुढे आकडा. त्यातली कुठली फाइल कुठल्या अभंगाची, ती कितव्या सेकंदाला बसते, कुठला टेक ठेवला, कुठला टाकून दिला, हे सगळं त्या न उघडणाऱ्या प्रोजेक्ट फाइलमध्येच लिहिलेलं. तीन दिवस मी एकेक फाइल ऐकत बसले. टाळ, मग टाळच, मग नुसता खोलीचा आवाज, मग पखवाजाचे चार बोल. आणि मधेच एका फाइलमध्ये त्यांच्या वडिलांचा आवाज स्पष्ट आला, "थांबा, थांबा. पुन्हा घेऊ. विठ्ठलातला ठ्ठ नीट लागला नाही." बाईंनी ते वाक्य मला तीनदा वाजवायला लावलं.

एक अभंग जुळला. पाच जुळले नाहीत. त्यांचे सगळे सूर त्या डिस्कवर आहेत, पण ते एकमेकांशी कसे बांधले होते हे आज कुणालाच सांगता येत नाही.

हे पत्र त्या पाच अभंगांमुळे लिहिते आहे.

त्या रेकॉर्डिस्टनी हलगर्जीपणा केला असं मला वाटत नाही. आपण सगळे रोज जे करतो तेच त्यांनी केलं. गाणं झालं, सेव्ह केलं, डिस्क कपाटात ठेवली. आपण ज्याला 'सेव्ह' म्हणतो ते मात्र एका कंपनीच्या एका सॉफ्टवेअरपुरतं सेव्ह असतं, आणि तेही ती कंपनी जोवर ते वाचता येईल असं ठेवते तोवरच. हे आपण कधी नीट मनावर घेतलेलं नाही.

हे फार जुन्या किंवा आडवळणाच्या सॉफ्टवेअरचं होतं असंही नाही. लॉजिक हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एकेकाळी विंडोजवरही चालायचं. २००२ साली अ‍ॅपलने ते बनवणारी जर्मन कंपनी एमॅजिक विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. ज्यांची वर्षानुवर्षांची गाणी त्यात होती त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या : कॉम्प्युटर बदला, नाहीतर जुनंच सांभाळत बसा. २०१७ च्या नोव्हेंबरात गिटार बनवणाऱ्या गिब्सनने आपल्या केकवॉक या सॉफ्टवेअर कंपनीचं काम थांबवलं, म्हणजे तिचं सोनार हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरणारे रातोरात उघड्यावर आले. पुढच्या फेब्रुवारीत बँडलॅब या दुसऱ्या कंपनीने ते विकत घेतलं म्हणून निभावलं. मधले तीन महिने जगभरच्या सोनारवाल्यांनी काय विचार केला असेल, याची कल्पना आपल्यातल्या कुणालाही करता येईल.

आता रोजच्या कामाकडे येते. कंपनी बुडणं, माणूस जाणं हे क्वचित घडतं. रोजचं नुकसान दिसत नाही, म्हणून आपण ते मोजतच नाही.

मी पुण्यात संगीत संयोजन करते. गाणं माझ्या घरी बांधलं जातं, तबला-ढोलकी इथल्या स्टुडिओत होते, बासरी कोल्हापूरचा वादक स्वतःच्या घरी वाजवून पाठवतो, आवाज आणि मिक्स मुंबईत. चार ठिकाणं, चार सॉफ्टवेअर. मुंबईहून ठरलेला निरोप येतो : "सगळे ट्रॅक शून्यापासून बाउन्स करून पाठवा." बाउन्स म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी, सलग ऑडिओ फाइल करणं. मग मी रात्री दीडला एकेक ट्रॅक सोलो करून बाउन्स करत बसते. चौसष्ट ट्रॅक. त्यातला एखादा राहतोच. एखादा मोनोचा स्टिरिओ होऊन जातो. एखाद्यावरचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, बंद करायचा राहतो आणि तो आवाजात कायमचा मुरतो.

हे सगळं बिनचूक झालं तरी पोचतो तो गाण्याचा नुसता आवाज, त्याचा सांगाडा जागेवरच राहतो. माझा एक अभंग ८४ च्या लयीत सुरू होतो आणि शेवटच्या गजरात १०४ पर्यंत चढतो. ती चढण मी दोन दिवस खपून टेम्पो ट्रॅकवर आखली होती, टाळकऱ्यांचा श्वास कुठे फुलतो ते ऐकून ऐकून. मुंबईत फाइल्स लागल्या तेव्हा त्या सॉफ्टवेअरने आपला नेहमीचा १२० चा आकडा धरला. कानाला गाणं बरोबरच वाजतं, पण पडद्यावरच्या रेघांना समेचा पत्ता नाही. डिले लावला तर लयीबाहेर जातो. तबल्याची एक थाप सरकवायची तर अंदाजाने सरकवायची. रूपकाच्या सात मात्रा लावलेलं गाणं असेल तर विचारूच नका, तिथे चार-चारच्या चौकटी दिसतात.

आणि पट्टी. आपल्याकडे पट्टी शेवटच्या दिवशी बदलते हे सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी गणपतीच्या एका गाण्याचं सगळं बाउन्स करून झालं, मिक्सला निम्मं लागलं, आणि गायिकेचा फोन आला : सर्दी झालीय, काळी दोन जमणार नाही, काळी एक करा. माझ्याकडे व्हायोलिनचे, संतूरचे, बेसचे सूर मिडीमध्ये होते, म्हणजे आवाज नव्हे, कुठला स्वर केव्हा वाजवायचा याच्या नोंदी. तिथे दोन अर्धस्वर खाली आणायला अर्धा मिनिट लागतो. मुंबईत मात्र त्यांचा ऑडिओ झालेला होता, आणि ऑडिओ दोन अर्धस्वर खाली ओढला की व्हायोलिनचा गळा बसतो. मी पुन्हा ३८ ट्रॅक बाउन्स केले, पुन्हा रात्रभर अपलोड केले. तोवर मिक्स इंजिनिअरने जुन्या ट्रॅकवर आवाज वरखाली करून जी मेहनत घेतली होती ती वाया गेली. चिडण्यासारखं होतं, पण कुणावर चिडायचं? गायिकेची चूक नव्हती, त्या इंजिनिअरचीही नव्हती. दोन सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलता येत नाही, एवढंच कारण.

आपल्याच शेजारी, सिनेमाच्या बाजूला, हे बऱ्याच अंशी सुटलेलं आहे. संकलकाकडून साउंड एडिटरकडे एएएफ नावाची फाइल जाते. कुठला तुकडा कुठे, किती लांब, फेड कुठून कुठवर, हे सगळं तीत असतं. त्याआधी ओएमएफ होती. तिला २ जीबीची मर्यादा होती. सहा मिनिटांच्या अभंगाचे चौसष्ट मोनो ट्रॅक २४ बिट ४८ किलोहर्ट्झवर धरले तर सव्वातीन जीबी होतात, म्हणजे तेही तीत मावले नसते. एएएफने ती अडचण दूर केली. पण ही व्यवस्था चित्र कापणाऱ्यांच्या गरजेतून आली. मिडीचे सूर, लयीची चढण, तालाची मात्रा, प्लगइनची (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायच्या वाद्यांच्या आणि इफेक्टच्या छोट्या सॉफ्टवेअरची) मांडणी ही संगीताची गरज तिच्या विचारात नव्हती. लॉजिकपासून प्रो टूल्सपर्यंत अनेक सॉफ्टवेअरना एएएफ कळते, तरी संयोजकाचं गाणं तिच्यात अर्धंच मावतं.

संगीताच्या बाजूलाही एकदा असं एकमत झालं होतं, आणि आपण सगळे आजही त्याच्यावर जेवतो. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात दोन कीबोर्ड एका केबलने जोडले गेले. एक डेव्ह स्मिथ यांच्या सीक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६००, दुसरा जपानच्या रोलँडचा ज्युपिटर-६. एकावर वाजवलं, दुसऱ्यातून आवाज आला. दोन्ही कंपन्या बाजारात एकमेकींच्या विरोधात उभ्या होत्या. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि स्मिथ यांनी ठरवलं की हे सगळ्यांसाठी असावं आणि त्याचे पैसे कुणाकडून घेऊ नयेत. तीच मिडी. १९८८ साली मिडीच्या फाइलचाही नमुना ठरला, आणि म्हणून त्या काळी साठवलेले सूर आज कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. २०१३ साली या दोघांना टेक्निकल ग्रॅमी मिळालं. मिडी आल्याने कीबोर्डचा धंदा बसला नाही. उलट कीबोर्ड, सिक्वेन्सर, ड्रम मशीन एकमेकांना जोडता येऊ लागली आणि वादकाने एकाऐवजी चार यंत्रं घेतली.

आपल्या अगदी जवळचं उदाहरण द्यायचं तर मराठी टायपिंगचं. डीटीपीच्या दिवसांत प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी. पुण्यात टाइप केलेली पत्रिका सांगलीच्या प्रेसमध्ये उघडली की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी कंस, टिंबं आणि उलटे स्वल्पविराम. मग फाइलबरोबर फॉन्टही पाठवायचा, नाहीतर थेट छापील प्रतच पाठवायची. त्या काळातली कितीतरी पुस्तकं आज फाइल असूनही पुन्हा टाइप करावी लागतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण ती आपल्या हातात यायला बरीच वर्षं गेली. आज आपण गावाकडच्या काकूला मोबाइलवर मराठीत लिहितो, तिचा मोबाइल कुठल्या कंपनीचा आहे हे विचारत नाही. 'क' चा क्रमांक सगळ्यांनी एकच मानला म्हणून ते होतं. फॉन्ट बनवणारे तेव्हाही होते, आजही आहेत, आणि प्रत्येकाचं अक्षर आपापल्या वळणाचं आहे.

आपल्या प्रोजेक्ट फाइल्स अजून त्या डीटीपीच्या दिवसांत अडकल्या आहेत. बाउन्स करून पाठवणं म्हणजे छापील प्रत पाठवणं.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला घेतलं ते. २०२३ साली बर्लिनची बिटविग आणि अमेरिकेतली प्रिसोनस या रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या दोन कंपन्यांनी मिळून एक खुली फाइल-पद्धत बाहेर आणली. तिचं नाव डॉप्रोजेक्ट. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आपण रेकॉर्डिंग करतो त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून आपण बोलताना 'डॉ' म्हणतो, त्यावरून हे नाव. त्यांच्या बिटविग स्टुडिओ आणि स्टुडिओ वन या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ती लगेच आली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गने क्यूबेस १४ मध्ये ती घेतली. रीपर हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी त्यांच्या प्रोजेक्टचं डॉप्रोजेक्टमध्ये आणि उलटं रूपांतर करणारं एक फुकट साधन उपलब्ध आहे. या पद्धतीचा परवाना एमआयटीचा, म्हणजे कुठल्याही कंपनीने ती वापरावी, कुणाला पैसे देऊ नयेत, कुणाची परवानगी मागू नये. दोन प्रतिस्पर्धी एकत्र बसले आणि तिसरा येऊन मिळाला, हे मला १९८३ च्या त्या केबलसारखंच वाटतं.

तिच्या आत काय आहे हे मी स्वतः बघितलं, आणि तुम्हीही बघावं अशी विनंती आहे, कारण बघितल्यावर भीती जाते. तो अभंग मी डॉप्रोजेक्ट म्हणून एक्स्पोर्ट केला. फाइलच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं आणि उघडलं. आत ऑडिओच्या फाइल्स, प्लगइनच्या मांडणीच्या फाइल्स आणि साध्या मजकुराच्या दोन फाइल्स. त्यातली मुख्य फाइल नोटपॅडमध्ये उघडली. टेम्पो दिसला : ८४. खाली चढणीचे टप्पे एकेक करून दिसले, कितव्या मात्रेला किती. ट्रॅकची नावं दिसली. मी एकाला 'टाळ डावीकडचे' असं मराठीत नाव दिलं होतं, ते तसंच, देवनागरीत, व्यवस्थित. त्या ट्रॅकचा आवाज किती, तो डाव्या बाजूला किती झुकवलेला, तेही लिहिलेलं. उद्या ही पद्धत बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या बंद पडल्या, तरी ज्याला वाचता येतं असा कुणीही माणूस हे गाणं पुन्हा उभं करू शकेल. तीन दिवस ४१२ फाइल्स ऐकलेल्या माणसाला त्या नोटपॅडकडे बघून काय वाटलं असेल, ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

डॉप्रोजेक्टमधून काय जातं? ऑडिओचे तुकडे आणि त्यांचे फेड, ताणलेला ऑडिओ कुठे किती ताणला ते, मिडीचे सूर, लय आणि मात्रांचे बदल, फेडरच्या हालचाली, पॅन, सेंड, ट्रॅकचे गट. हार्मोनियमच्या सॅम्पलवर पिच बेंडने मी जी मींड काढते तीही. व्हीएसटी किंवा क्लॅप या प्रकारचं प्लगइन असेल तर त्याची तेव्हाची मांडणी सोबत जाते. समोरच्याकडे तेच प्लगइन असेल तर ते जसंच्या तसं उघडतं. साधा इक्यू, कॉम्प्रेसर, गेट आणि लिमिटर यांच्यासाठी सगळ्यांना समजेल अशी सामायिक नोंदही तीत आहे.

आणि काय जात नाही, तेही स्पष्ट सांगते, नाहीतर उद्या कुणी तरी अर्ध्यावर अडकेल आणि मला बोल लावेल. समोर प्लगइन नसेल तर आवाज येणार नाही. एखाद्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं वाद्य दुसऱ्यात वाजणार नाही, कारण ते तिथे नाहीच. गुंतागुंतीच्या जोडण्या तपासून घ्याव्या लागतात. म्हणून मी आता दोन्ही पाठवते : डॉप्रोजेक्ट, आणि जी वाद्यं समोर नसतील त्यांचा बाउन्स. पूर्वी चौसष्ट बाउन्स करायचे, आता आठ-दहा करायचे. ही पद्धत बनवणाऱ्यांनीही प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की कुठल्याही सॉफ्टवेअरची मूळ फाइल व्हावं हा तिचा उद्देश नाही. देवाणघेवाणीपुरती ती आहे. म्हणजे कुठल्याही कंपनीला आपली फाइल सोडायची नाहीये, फक्त दाराला एक बाहेर उघडणारी कडी लावायची आहे.

यावर मला आपल्याच मंडळींकडून तीन गोष्टी ऐकू येतात.

एक म्हणजे, "सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घ्यावं, प्रश्नच मिटला." हे मोठ्या स्टुडिओतून म्हणणं सोपं आहे. लातूरचा विशीतला मुलगा लॅपटॉपवर स्वस्तातल्या, कधी फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणी करतो, आणि चांगली करतो. त्याने मोठ्या स्टुडिओसारखं सॉफ्टवेअर घ्यायचं तर पहिल्या चार गाण्यांचं मानधन त्यातच जाईल. तो आज मिक्सला बाउन्स पाठवतो, आणि त्याच्या गाण्यावर पुढे काय करता येईल ते तिथेच थांबतं. मराठी गाणं आता मुंबई-पुण्यापुरतं राहिलेलं नाही, पण आपली कामाची पद्धत अजून त्या दोन शहरांतल्या चार स्टुडिओंसाठीच आहे.

दुसरी, "बाउन्सने आजवर चाललंय की." गाणं वाजवण्यापुरतं चाललंय. दहा वर्षांनी ते नव्याने मिक्स करायचं असेल, दोन चॅनेलच्या जागी जास्त करायचे असतील, एखाद्या नाटकासाठी त्याचा तुकडा वेगळ्या पट्टीत लागणार असेल, तेव्हा चालणार नाही. माझ्याकडे आलेल्या त्या डिस्कवर तर बाउन्सही नव्हते.

तिसरी गोष्ट मात्र मला खरी वाटते आणि तिचाच मला सर्वात त्रास होतो : "कंपन्या हे करणार नाहीत, कारण माणूस अडकून राहिला तरच त्यांचं भलं." असेलही. पण कंपन्या आपल्याला विचारूनच ठरवतात की कशावर वेळ घालवायचा. प्लगइनचंच बघा. स्टाइनबर्गने १९९६ साली व्हीएसटी हे प्लगइनचं तंत्र काढलं, पुढे इतरांसाठी खुलं केलं, आणि लोकांनी मागितलं म्हणून एकामागून एक कंपन्यांना ते घ्यावं लागलं. देवाणघेवाणीची फाइल आपण कधी मागितलीच नाही. आपण बाउन्स करत राहिलो, तक्रार एकमेकांशी केली, आणि मागणी तिथवर पोचलीच नाही.

म्हणून माझं मागणं आहे, आणि ते प्रत्येकाकडे वेगळं आहे.

निर्मात्यांना : गाण्याचे पैसे तुम्ही देता. काम हातात घेताना करारात एक ओळ घाला की अंतिम मिक्सबरोबर प्रोजेक्टची देवाणघेवाणीची फाइल मिळाली पाहिजे. डॉप्रोजेक्ट जमत असेल तर ती, नसेल तर एएएफ आणि सोबत मिडी. शिवाय प्रत्येक ट्रॅकचा ऑडिओ ब्रॉडकास्ट वेव्हमध्ये. ही साधी वेव्ह फाइलच असते, पण ती मुळात कोणत्या जागी बसवली होती याची वेळ तिच्या पोटातच लिहिलेली असते. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये ती ठरवली. त्या ४१२ फाइल्समध्ये ही एवढी एक नोंद असती, तर माझे तीन दिवस वाचले असते आणि पाच अभंगही. आज तुम्ही फक्त एक दोन चॅनेलची फाइल घेता आणि गाण्याचा हक्क तुमच्याकडे आहे असं समजता. हक्क कागदावर आहे, गाणं दुसऱ्याच्या डिस्कवर आहे.

स्टुडिओमालक आणि रेकॉर्डिस्ट यांना : बुकिंग घेताना "कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे?" असं आपण विचारतोच. त्यापुढे "डॉप्रोजेक्ट पाठवता येईल का?" हेही विचारा. शंभरातल्या पाचांनाच आज जमेल, पण उरलेल्या पंचाण्णवांना तो शब्द कानावर पडेल आणि ते आपापल्या कंपनीला विचारतील. आणि एक हात जोडून विनंती : ट्रॅकला नाव द्या. 'ऑडिओ सतरा' नको. 'पखवाज, अंतरा दोन, टेक चार' असं लिहायला पाच सेकंद लागतात.

संगीतकारांना : तुमची जुनी कामं आजच उघडून बघा. ज्या कॉम्प्युटरवर केली तो अजून चालतोय, सॉफ्टवेअर अजून सुरू होतंय, डोंगल अजून ड्रॉवरमध्ये आहे, तोवरच. एकेक गाणं बाहेर काढा. सोबत एक कागद ठेवा, त्यावर पट्टी, ताल, सुरुवातीची लय, कुणी काय वाजवलं, एवढं. कागद कुठल्याही कॉम्प्युटरशिवाय उघडतो.

शिकवणाऱ्यांना : साउंडच्या कोर्समध्ये बाउन्स कसा करायचा हे पहिल्या महिन्यात शिकवलं जातं. गाणं पुढच्या माणसाला कसं द्यायचं, हे कुठेच शिकवलं जात नाही. एक सेमिस्टरभर प्रत्येक विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमधलं गाणं पूर्ण करायला द्या. दोन आठवड्यांत त्यांना कळेल.

आणि आपल्या सगळ्यांना : आपण जे सॉफ्टवेअर वापरतो त्याच्या कंपनीला एक पत्र लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल, वाचणारं साधन आता सगळ्यांकडे आहे. त्यात सॉफ्टवेअरला शिव्या नकोत. आपण काय करतो, कुठे अडतो, कुठली गाणी हरवली, एवढंच लिहा. लयीची चढण, पट्टी बदलणं, मींड, सात मात्रांचा ताल या आपल्या गरजा आपण सांगितल्या नाहीत तर त्यांना त्या माहीत कशा होणार? समान फाइलमध्ये काय काय मावलं पाहिजे याची चर्चा जिथे होते, तिथे आपल्या संगीताचा माणूस नसेल, तर उद्या ठरणाऱ्या नमुन्यात आपली जागा कोपऱ्यात असेल.

माझ्याकडून मी सुरुवात केली आहे. यंदाच्या गणपतीच्या गाण्यांपासून माझ्या घरून बाहेर जाणारं प्रत्येक गाणं डॉप्रोजेक्ट, मिडी, ब्रॉडकास्ट वेव्ह आणि तो एक कागद असं जाईल, कुणी मागो वा न मागो. ज्यांना करून बघायचंय त्यांनी एक मुखडा तेवढा माझ्याकडे पाठवावा. मी माझ्याकडे उघडेन, काय पोचलं आणि काय वाटेत पडलं ते ओळीने लिहून परत पाठवेन. पैसे नकोत.

त्या बाईंना मी जुळलेला एक अभंग दिला, आणि बाकीच्या सगळ्या फाइल्स नावं देऊन परत केल्या : पखवाज, टाळ, बाबांचा आवाज. बाबांचा आवाज असं नाव असलेल्या फाइल्स ५७ भरल्या.

आपली नम्र,
एक संगीत संयोजिका, पुणे